ऑनलाइन जहाल प्रचार: कोकणातल्या घरांनी काय पाहावे, काय बोलावे, कुठे जावे

रायगड किनाऱ्यावर शेखाडीला 1993 च्या फेब्रुवारीत स्फोटके उतरली आणि 12 मार्चला मुंबई हादरली, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना अनोळखी होडीकडे नजर ठेवण्याची सवय लागली. 26 नोव्हेंबर 2008 नंतर ती अधिक पक्की झाली. सागरी पोलीस ठाणी उभी राहिली आणि सागर रक्षक दलात गावागावांतले तरुण दाखल झाले. हा पहारा आजही हवाच. परंतु 2014 च्या मे महिन्यात कल्याणमधले चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तिथून ‘इस्लामिक स्टेट’ला जाऊन मिळाले, तेव्हा त्यांना न्यायला कोणतीही होडी किनाऱ्याला लागली नव्हती. त्यांना ओढ लावण्यात इंटरनेटवरच्या प्रचाराचा मोठा वाटा होता आणि घरच्यांना सारे कळले ते मुले निघून गेल्यावर. त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यातून गावठी बॉम्ब जप्त केले आणि जहाल हिंदुत्ववादी गटांशी संबंध असल्याचा आरोप असलेल्यांना अटक केली. ही दोन्ही उदाहरणे मुद्दाम शेजारी मांडली आहेत, कारण शेजारच्या मोहल्ल्याकडे किंवा पलीकडच्या वाडीकडे बोट दाखवून सुरू होणारे मार्गदर्शन आपल्याच घरात निरुपयोगी ठरते.

पुढील सूचना पालकांसाठी, मोठ्या भावंडांसाठी, माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांसाठी आणि मोहल्ल्यातल्या मुस्लिम जमातीच्या किंवा गावातल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मुलगा आधी विचाराला भुलत नाही, तो आधी सोबतीला भुलतो. ज्या घराला हे उमगते ते घर वेळेवर जागे होते. ज्या घराला वाटते की मुलाला चुकीचे पटले आहे, आता त्याला बरोबर काय ते पटवून द्यावे, ते घर बहुधा उशिरा पोहोचते.

प्रचार घरात कसा शिरतो

रापण लावताना जाळे किनाऱ्यापासून दूरवर अर्धवर्तुळात सोडतात आणि मग दोन्ही टोके सावकाश ओढत आणतात. पाणी उथळ होईपर्यंत मासळीला कोंडी जाणवतच नाही. जहाल गटांचे ऑनलाइन काम याच धाटणीने चालते. पहिला टप्पा अगदी उघडा असतो. इन्स्टाग्रामवरची अर्ध्या मिनिटाची क्लिप, यूट्यूबवरचा इतिहासाचा तुकडा, संगीत लावलेला एखादा ‘एडिट’, एखादा कडवट विनोद. त्यात बेकायदा काही नसते आणि पुष्कळदा खरेही काही असते. कुठेतरी खरोखर अन्याय झालेला असतो, कुणाचे तरी घर खरोखर जळालेले असते. मुलगा ती क्लिप शेवटपर्यंत पाहतो आणि शेवटपर्यंत पाहिलेल्या गोष्टीसारखीच दुसरी गोष्ट पुढे करणे हे त्या ॲपचे कामच असते. पंधरवड्यात त्याच्या फोनवरचे जग बदलते. त्या जगात आपल्या लोकांवर रोज हल्ले होत असतात आणि आपले लोक रोज गप्प बसलेले असतात.

दुसरा टप्पा प्रतिक्रियांतून सुरू होतो. मुलाने रागाने काहीतरी लिहिलेले असते. त्यावर एक अनोळखी माणूस त्याची पाठ थोपटतो, खासगी संदेश पाठवतो, टेलिग्रामच्या एखाद्या चॅनेलची किंवा डिस्कॉर्डवरच्या गटाची लिंक देतो. काही वेळा ही ओळख खेळाच्या व्हॉइस चॅटवरही होते. हा माणूस पहिले काही दिवस विचारसरणीबद्दल फारसे बोलतच नाही. तो विचारतो, जेवलास का, पेपर कसा गेला, वडील कधी येणार आहेत. ज्या घरात वडील कुवेतला, मोठा भाऊ नालासोपाऱ्याच्या चाळीत आणि आई दिवसभर काजूच्या कारखान्यात, तिथे हा प्रश्न रोज विचारणारा तो एकटाच असण्याची शक्यता असते. कोकणातल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण आपल्याकडचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर आहे. पूर्वी मुंबईच्या गिरणीत होता, आज आखातात किंवा जहाजावर आहे.

तिसऱ्या टप्प्यावर बोलणे बंद दाराआड जाते. संदेश आपोआप पुसले जावेत अशी व्यवस्था केली जाते आणि ‘घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही’ हे वाक्य येते. नंतर किरकोळ कामे येतात: हा मजकूर भाषांतर करून दे, ही क्लिप दहा ठिकाणी टाक, दुसऱ्या नावाने खाते उघड, तुझ्या नावावरचे सिम काही दिवस वापरायला दे. काम किती लहान आहे याला महत्त्व नाही. मुलगा सांगितलेले करतो का, आणि केलेले लपवतो का, एवढेच तिथे तपासले जाते.

हेच टप्पे कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही झेंड्याच्या गटात जवळपास याच क्रमाने येतात. बाणकोटच्या खाडीकाठच्या घरातला मुलगा आणि देवगडच्या आंबेवाल्याच्या घरातला मुलगा यांच्या फोनवरची चित्रे वेगळी असतील, पण ‘घरी सांगू नकोस’ हे वाक्य दोघांनाही सारखेच मिळते.

काळाचाही एक मुद्दा आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, खलाशी पोरांना काम नसते, पाऊस घराबाहेर पडू देत नाही आणि डेटा पॅक मात्र रोजचा रोज भरलेला असतो. बारावीच्या निकालानंतरचे आठवडेही तसेच. मुलावर लक्ष ठेवायचे तर वर्षभर सारख्याच ताणाने ठेवण्यापेक्षा या दिवसांत त्याला घरातल्या किंवा गावातल्या कामात ओढून घ्यावे. त्याचा उपयोग अधिक होतो.

कशाकडे पाहावे आणि कशाकडे पाहू नये

आधी दुसरी बाजू सांगणे जरुरीचे आहे. मुलगा नमाज नियमित पढू लागला, दाढी राखू लागला, कपाळी टिळा लावू लागला, गडकोटांच्या मोहिमांना जाऊ लागला किंवा सरकारवर तावातावाने टीका करू लागला, तर ती धोक्याची खूण नव्हे. पंधरा ते बावीस या वयात श्रद्धा आणि मते दोन्ही जोरात असतात, आणि ती असावीत. धार्मिकतेलाच रोग समजणारे घर मुलाला थेट त्या अनोळखी मित्राकडे ढकलते, कारण ‘तुझे घरचे तुझ्या धर्माच्या विरोधात आहेत’ हेच तर तो मित्र महिनाभर सांगत असतो.

पाहायचे ते नात्यांकडे. लहानपणापासूनचे मित्र, ज्यांच्याबरोबर तो क्रिकेटच्या टेनिसबॉल सामन्यांना जात असे, त्यांना तो अचानक टाळू लागला आहे का? दुसऱ्या धर्माच्या मित्राशी, बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराशी बोलणे त्याने एकाएकी तोडले आहे का? तो एखाद्या समाजाचा उल्लेख माणसे म्हणून न करता किडे, घाण, गद्दार अशा शब्दांत करू लागला आहे का? हा शेवटचा बदल मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण माणसाला माणूस म्हणणे थांबले की पुढची प्रत्येक गोष्ट सोपी होते. त्याच्या बोलण्यात तयार वाक्ये येतात, तीही त्याच्या नेहमीच्या बोलीत नव्हे. घरात मालवणी किंवा कोकणी बोलणारा मुलगा वादात एकदम शुद्ध हिंदी किंवा उर्दूमिश्रित भाषेतली पाठ केलेली वाक्ये बोलू लागला, तर ती कुठून आली हे विचारावे.

याशिवाय काही ठळक गोष्टी आहेत. कारण नसताना दुसरे सिम किंवा दुसरा फोन दिसणे, कुठून आले ते सांगता न येणारे पैसे, रात्री उशिरा ठरावीक वेळी सड्यावर किंवा जेटीवर ‘रेंज मिळते’ म्हणून एकट्याने जाणे, आवडीचे खेळ, संगीत किंवा शिक्षण एकदम ‘निरर्थक’ ठरवून सोडणे, हिंसेच्या दृश्यांवर हसणे, आणि मृत्यूबद्दल, बलिदानाबद्दल किंवा ‘लवकरच कळेल सगळ्यांना’ अशा भाषेत बोलणे. यांतली एखादी गोष्ट एकटी असेल तर तिला वयात येण्यासारखी दुसरी हजार कारणे असू शकतात. तीनचार गोष्टी थोड्या दिवसांत एकत्र दिसल्या, तर मात्र थांबू नये.

मुलींबाबत घरे गाफील राहतात. मुलगी घरातच असते, फोनवर मान खाली घालून असते, म्हणून ती सुरक्षित आहे असे गृहीत धरले जाते. डिसेंबर 2015 मध्ये पुण्यातली सोळा वर्षांची विद्यार्थिनी ‘इस्लामिक स्टेट’च्या ऑनलाइन प्रचारात गुंतली असून सीरियाला जाण्याच्या विचारात असल्याचे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या लक्षात आले. तिला अटक न करता, कुटुंबाला आणि धर्माच्या जाणकारांना बरोबर घेऊन तिचे समुपदेशन करण्यात आले. या घटनेचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण पोलीस म्हणजे लगेच बेडी अशी जी समजूत आहे तिला तो एक उत्तर आहे.

बोलावे कसे

संशय आल्यावर पहिल्या दिवशी घर जे करते त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. बहुतेक घरांत फोन हिसकावला जातो, एखादी थप्पड बसते, मामाला बोलावून चारचौघांत जाब विचारला जातो. यांतले काहीही करू नये. फोन हिसकावल्याने त्या अनोळखी माणसाशी असलेला संबंध तुटत नाही, तो मित्राच्या फोनवर जातो. आणि आपण जे पाहू शकत होतो तेही दिसेनासे होते.

बोलण्याला वेळ आणि जागा निवडावी. समोरासमोर बसवून केलेली चौकशी मुलाला कोर्टासारखी वाटते. त्यापेक्षा काम करता करता बोलावे. जाळे विणताना, आंब्याच्या पेट्या भरताना, दुचाकीवरून बाजाराला जाताना. बोलणारे माणूस एकच असावे आणि ते घरातले सर्वांत अधिकाराचे असेलच असे नाही. अनेकदा आत्या, मावशी, आजी किंवा तिशीतला चुलतभाऊ हे काम वडिलांपेक्षा चांगले करतात.

सुरुवात आरोपाने न करता कुतूहलाने करावी. ‘असले काय बघतोस, आण तो फोन इकडे’ असे म्हटल्यावर बोलणे तिथेच संपते. ‘काल तू जी क्लिप बघत होतास ती मलाही दाखव ना, कुठली आहे ती?’ असे म्हटल्यावर मुलगा कदाचित आढेवेढे घेईल, पण दाखवील. ती क्लिप पूर्ण पाहावी. पाहताना तोंड वाकडे करू नये. त्यानंतर मताबद्दल काही न विचारता वस्तुस्थितीबद्दल विचारावे: हे कधीचे आहे, कोणी काढले, त्याच्या आधी काय झाले, पाठवणाऱ्याला तू कधी भेटलास का, त्याचे गाव कोणते. ‘तुझे चुकते आहे’ हे वाक्य या पहिल्या संभाषणात एकदाही येऊ देऊ नये.

समजा, मुलगा म्हणतो की आपल्या लोकांवर अन्याय होतो आहे आणि तुम्ही सगळे षंढ आहात. हे ऐकून घेणे जड जाते. तरीही अन्यायाचा भाग नाकारू नये. त्याला नोकरीच्या मुलाखतीत आडनावावरून डावलले असेल, पोलिसांनी नाक्यावर विनाकारण अडवले असेल, गावातल्या कुणी हिणवले असेल, तर ते खरे आहे असे स्पष्ट म्हणावे आणि त्यावर उपाय काय हे पुढचे बोलणे करावे: तक्रार कुठे होते, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करतात, गावातले कोण आपल्या बाजूने उभे राहील. जहाल गट रागाला एकच वाट दाखवतात. घराने निदान दुसरी वाट आहे हे दाखवले पाहिजे आणि तिच्यावर दोन पावले बरोबर चालले पाहिजे.

धर्मग्रंथांचा किंवा इतिहासाचा वाद घरच्यांनी स्वतः घालू नये. मुलाने महिनाभर तयार उत्तरे पाठ केलेली असतात आणि आपण पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. मग घरचे अडाणी आहेत हे त्याच्या दृष्टीने सिद्ध होते. हा वाद ज्याचा अभ्यास आहे त्याच्याकडे न्यावा. मोहल्ल्यातले मौलाना, देवळातले जाणते पुजारी, शाळेतले इतिहासाचे निवृत्त शिक्षक यांपैकी ज्याच्याबद्दल मुलाला आदर आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोलून घ्यावे, आणि मगच भेट घडवावी. जो स्वतः रात्रंदिवस कडवट संदेश पुढे पाठवतो अशा माणसाला या कामाला बोलावण्यात अर्थ नाही, मग तो गावात कितीही वजनदार असो.

त्या अनोळखी मित्राबद्दलही थेट वाईट बोलू नये. एक साधी युक्ती उपयोगी पडते. मुलाला म्हणावे, त्याला एकदा सांग की मला महिनाभर फोन वापरता येणार नाही, बहिणीच्या दहावीच्या परीक्षा आहेत. बघ तो काय म्हणतो. खरा मित्र ‘बरं’ म्हणतो. जाळे ओढणारा मात्र धमकावतो, लाज आणतो किंवा तू बदललास म्हणून हिणवतो. त्याचे खरे रूप मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले, तर आपल्या दहा व्याख्यानांचे काम होते. मात्र मुलाने स्वतःचा पत्ता, छायाचित्रे किंवा कागदपत्रे त्याला आधीच दिली असतील, किंवा हिंसेचे बोलणे झाले असेल, तर हा प्रयोग करू नये आणि थेट पुढे सांगितल्याप्रमाणे पोलिसांकडे जावे.

आखातातल्या वडिलांनी व्हिडिओ कॉलवर काय बोलावे, हाही प्रश्न येतो. आठवड्यातून एकदा सगळ्या घराशी मिळून पंधरा मिनिटे बोलण्यापेक्षा मुलाशी एकट्याने, रोज पाच मिनिटे बोलावे. अभ्यासाची चौकशी शेवटी करावी. मुलाला घरातला एखादा खरा निर्णय सोपवावा. छपराची दुरुस्ती, होडीचे इंजिन, बहिणीच्या कॉलेजचा प्रवेश. ज्याच्या शब्दावर घरात काही ठरते त्याला बाहेरच्या कुणाकडून ‘तू महत्त्वाचा आहेस’ हे ऐकण्याची गरज कमी पडते.

क्लिप खरी आहे का, हे मुलासह तपासणे

18 ऑगस्ट 2022 रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक रिकामी बोट लागली आणि तिच्यात तीन एके-47 रायफली सापडल्या. कारण कळण्याआधीच फोनवरून फोनवर भीती पसरली, आणि ती पसरणे साहजिक होते. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की ‘लेडी हान’ नावाची ही बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून, समुद्रात इंजिन बंद पडल्यावर तिच्यावरील लोकांची सुटका करण्यात आली होती आणि बोट वाहत इकडे आली. सकाळी जो माणूस ‘पुन्हा तसेच होणार’ म्हणून कुणाची तरी नावे घेऊन संदेश पाठवत होता, त्याने संध्याकाळी दुरुस्तीचा संदेश पाठवला असेल असे मला वाटत नाही. मुलांना हे उदाहरण जरूर सांगावे, कारण ते त्यांच्या ओळखीच्या किनाऱ्यावरचे आहे आणि त्यातून एक व्यवहारी नियम निघतो: भीतीचा संदेश आला की निदान एक दिवस तो आपल्याच फोनमध्ये अडवून ठेवावा.

एक दिवस न थांबल्याने काय होते हेही आपल्याच राज्यात घडले आहे. 2018 मध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर फिरल्या. त्यांच्याबरोबर फिरणारी एक क्लिप मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतली होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कापून टाकलेला होता. त्या वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठार केले. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले. त्यानंतर दुसरी लाट आली: घटनेला हिंदू-मुस्लिम रंग देणारे संदेश. अखेर अटक झालेल्या 101 जणांत एकही मुस्लिम नाही, हे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. एकाच घटनेत अफवेने आधी माणसे मारली आणि मग त्या मृत्यूंवर दुसरी अफवा पोसली गेली.

तपासण्याची रीत मुलाच्या हातात फोन देऊनच शिकवावी. व्हिडिओ थांबवावा आणि कडेच्या गोष्टी पाहाव्यात. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाड्यांच्या नंबरप्लेट कुठल्या? पोलिसांचा गणवेश आपल्याकडचा आहे का? आपल्या जिल्ह्यातली म्हणून आलेल्या क्लिपमध्ये घरे जांभ्या दगडाची आणि कौलारू आहेत, की मातीचे सपाट धाबे दिसते आहे? ऑगस्टची म्हणून आलेल्या क्लिपमध्ये जमीन कोरडी ठणठणीत आहे का? आवाज बंद करून एकदा आणि चित्र न पाहता एकदा ऐकावे. पुष्कळदा आवाज मागाहून जोडलेला असतो. त्यानंतर थांबवलेल्या दृश्याचा स्क्रीनशॉट गुगल लेन्सवर टाकून तेच चित्र पूर्वी कुठे आले होते का ते पाहावे. बांगलादेशातली किंवा सीरियातली जुनी दृश्ये ‘कालची, आपल्या शेजारची’ म्हणून फिरताना अशीच सापडतात. संदेशावर दुहेरी बाणाची, अनेकदा पुढे पाठवल्याची खूण असेल तर तो ओळखीच्या माणसाने पाठवला असला तरी त्याने लिहिलेला नाही, हे मुलाला लक्षात आणून द्यावे. व्हॉट्सॲपने अशा संदेशांवर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा एप्रिल 2020 मध्ये घातली, ती याच कारणासाठी.

फोनमधल्या काही सोयी

या भागावर फार भर देऊ नये, कारण सेटिंग बदलून सोबत तुटत नाही. पण काही गोष्टी करून ठेवाव्यात. व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम या दोन्हींत गोपनीयतेच्या भागात जाऊन आपल्याला कोण गटात घेऊ शकतो हे ‘माझे संपर्क’ एवढ्यापुरते ठेवावे, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर कुठल्या गटात टाकू शकत नाही. यूट्यूबवरचा पाहिल्याचा इतिहास पुसता येतो आणि नको असलेल्या चॅनेलची शिफारस थांबवता येते. इन्स्टाग्रामवरही सुचवल्या जाणाऱ्या गोष्टी नव्याने सुरू करण्याची सोय आहे. हे मुलाने स्वतः, आपल्यासमोर करावे. मुलाच्या नकळत त्याच्या फोनवर पाळतीचे ॲप टाकण्याचा सल्ला काही दुकानदार देतात. ते कळते त्या दिवशी घरावरचा उरलासुरला विश्वास जातो.

पोलिसांकडे कधी आणि कसे जावे

कुणाला इजा करण्याचे बोलणे, शस्त्र किंवा स्फोटकांची माहिती मागणे, ठरलेला प्रवास, घर सोडण्याची तयारी, पैशांची किंवा सिमची देवाणघेवाण यांपैकी काहीही दिसले, तर घरातल्या घरात मिटवण्याचा प्रयत्न करू नये. तातडी असेल तर 112 वर फोन करावा. तातडी नसेल तर जिल्हा मुख्यालयातल्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, गावातल्या पोलीस पाटलांना बरोबर घेऊन जावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. 1930 हा सायबर मदतीचा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. पुण्याच्या मुलीचे उदाहरण वर आलेच आहे. गुन्हा घडण्याआधी घर स्वतःहून गेले, तर समुपदेशनाची वाट खुली राहण्याची शक्यता खूपच अधिक असते.

भीती वाटते ती कायद्याची, आणि ती अनाठायी नाही. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यानुसार दहशतवादी संघटनेचे सदस्यत्व किंवा तिला पाठिंबा देणे यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि बंदी असलेल्या संघटनेचे केवळ सदस्य असणेही गुन्हा ठरते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली समाजांत वैर पसरवणाऱ्या मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव पोलीस ठाण्यात टिकत नाही. गटाच्या ॲडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे की समान हेतू नसेल तर दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येणार नाही. तरीही मंडळाच्या गटावर असा मजकूर आला की ॲडमिनने तो लगेच काढावा आणि पाठवणाऱ्याला फोन करून कारण सांगावे.

पुरावा जपताना एक चूक सर्रास होते. लोक ती क्लिप ‘बघा काय चालले आहे’ म्हणून आणखी चौघांना पाठवतात. असे अजिबात करू नये. स्क्रीनशॉट घ्यावा, लिंक, खात्याचे मूळ नाव, फोन क्रमांक, दिवस आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी, आणि अधिकाऱ्याला फोन हातात देऊनच दाखवावे. वर दिसणारे नाव केव्हाही बदलता येते, म्हणून मूळ लिंक महत्त्वाची. त्यानंतर ॲपमध्ये त्या खात्याची तक्रार करावी. व्हॉट्सॲपवर तक्रार केल्यास त्या संभाषणातले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. तक्रार आणि ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घेतला आहे ना, हे पाहावे.

मुलाला नोटीस आली किंवा चौकशीला बोलावले, तर वकिलाशिवाय पाठवू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत मदत देते. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि सोळा ते अठरा वयातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून निर्णय घेते. मुलगा खचलेला, झोप उडालेला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याच्या भाषेत बोलत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

गावाने काय करावे

गणेशोत्सव, शिमगा, मोहरम, ईद यांच्याआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे दोन्हीकडचे तेच ते पन्नाशीपुढचे लोक चहा पितात, सह्या करतात आणि घरी जातात, असा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे. या बैठकीला मंडळांचे आणि जमातीचे विशीतले ॲडमिन बोलावावेत, एकमेकांचे फोन क्रमांक द्यावेत, आणि अफवा आली तर आधी परस्परांना फोन करायचा एवढा एकच ठराव करावा. पालखीच्या वाटेबद्दल किंवा ताबुताच्या वेळेबद्दल रात्री अकराला संदेश फिरू लागतो, तेव्हा पोलिसांची गाडी घाट उतरून येईपर्यंत हाच फोन कामाला येतो. गावात ज्या पिराला दोन्ही समाज नवस बोलतात, तिथल्या उरुसाची कामे पूर्वी वाटून दिलेली असत; ती वाटणी जिथे मोडली आहे तिथे तरुणांच्या नावाने पुन्हा सुरू करावी.

शाळांनी वर्षातून एकदा पोलीस अधिकाऱ्याचे भाषण ठेवून हात झटकू नयेत. नववी-दहावीच्या वर्गात तपासणीची वर सांगितलेली रीत दोन तासिकांत शिकवता येते. विद्यार्थ्याने वर्गात कडवट विधान केले, तर त्याला बाहेर काढण्यापेक्षा ‘हे कुठे ऐकलेस’ असे विचारून तास संपल्यावर एकट्याला थांबवून घ्यावे.

मुलगा त्या गटातून बाहेर पडल्यावरचे काही महिने नाजूक असतात. जुने खाते बंद करावे, क्रमांक बदलावा, जुन्या गटातून नव्या नावांनी संपर्क येत राहील हे त्याला आधीच सांगून ठेवावे आणि आला तर रागावणार नाही असा शब्द द्यावा. गावात गोष्ट फुटली असेल तर त्याला काही काळ मुंबईला काकाकडे पाठवण्याचा विचार येतो. तिथे खोलीत तो दिवसभर एकटा फोनसह राहणार असेल, तर त्यापेक्षा गावातच ट्रॉलरवर, वर्कशॉपमध्ये किंवा आयटीआयच्या वर्गात रोज आठ तास माणसांत राहील अशी सोय करावी. सोडून दिलेल्या जुन्या मित्रांपैकी एकाला तरी भेटून, पुन्हा रविवारच्या सामन्याला त्याला बोलवायला सांगावे. आणि तो मित्र दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याच्या घरीही आधी जाऊन येऊन, काय झाले ते त्याच्या आईवडिलांना मोकळेपणी सांगावे.